वाचक विचारतात : कोणता आवाज घरात घ्यावा?

गेल्या दोन महिन्यांत पॉडकास्टविषयी इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच देते आहे. ज्यांच्या कानावरून हा शब्द अजून गेला नसेल त्यांच्यासाठी सांगते, पॉडकास्ट म्हणजे फोनवर आपल्या सवडीने ऐकायचा रेडिओचा कार्यक्रम. वेळ चुकली तरी तो निघून जात नाही, आपली वाट बघत थांबतो. पत्रं लांब होती, ती थोडक्यात दिली आहेत. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

बाई, नमस्कार. मी वेंगुर्ल्याला एकटी असते. दोन्ही मुलगे कुवेतला. नाताळात धाकटा आला होता, त्याने फोनवर कॅथलिक पॉडकास्ट लावून दिले. तो गेल्यावर मी तेच शब्द टाकले तर शेकडो कार्यक्रम आले. त्यात फादर कोण, आपल्या चर्चचा कोण, दुसऱ्या पंथाचा कोण, काही उमगत नाही. एक लावते, पाच मिनिटांत बंद करते, दुसरा लावते. संध्याकाळ त्यातच जाते आणि रोझरी, म्हणजे आपली जपमाळेची प्रार्थना, राहून जाते. ऐकण्यासारखं नेमकं काय आहे आणि ते ओळखायचं कसं? इंग्रजी कळतं, पण भरभर बोललं की सुटतं.

ताई, रोझरी राहून जाते हे तुम्ही पत्राच्या शेवटाला लिहिलंत, पण खरा प्रश्न तोच आहे. मी तो भोगलेला आहे, म्हणून आधी माझंच सांगते.

माझे यजमान २०२० च्या पावसाळ्यात गेले. चर्चचे दरवाजे तेव्हा बंद होते, माणसं घरी येत नव्हती. आमची वसईची वाडी, थोडी केळी, थोडा चाफा. सोनचाफा पहाटेच तोडावा लागतो, फूल पुरतं उमललं की बाजारात त्याला कोणी विचारत नाही. पाचच्या सुमाराला कपाळाला बॅटरी बांधायची, आकडी घ्यायची आणि एकेक फांदी हलकेच खाली ओढायची. हे काम आम्ही दोघं करायचो. तो आकडी धरायचा, मी फुलं खुडायची. तो गेल्यावर त्या अंधारात एकटीने उभं राहणं मला जमेना. १ जानेवारी २०२१ ला भाचीने एक कार्यक्रम पाठवला आणि म्हणाली, मावशी, हा आजच सुरू झालाय, फुलं तोडताना लाव. पहिल्या दिवशी उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय आणि एकोणिसावं स्तोत्र होतं. आकाश देवाचा महिमा वर्णिते, हे मी वर फांदीत बघत ऐकलं. तेव्हा पूर्वेला नुकतं कुठे पांढुरकं झालं होतं. त्या पहाटेनंतर मी वाडीत एकटी आहे असं मला फारसं वाटलं नाही.

तो कार्यक्रम म्हणजे 'द बायबल इन अ इयर'. असेन्शन नावाची अमेरिकेतली कॅथलिक प्रकाशनसंस्था तो काढते. आवाज फादर माइक श्मिट्झ यांचा. मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ धर्मप्रांताचे ते धर्मगुरू, तिथल्या विद्यापीठातल्या मुलांसाठी काम करतात. एकूण ३६५ भाग, रोज साधारण वीस-पंचवीस मिनिटं. आधी बायबलमधले उतारे, मग प्रार्थना, मग दोन शब्द समजावून. सुरू झाला त्याच महिन्यात अमेरिकेत ॲपलच्या पॉडकास्टच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर गेला होता. पण मी तो धरून राहिले ते त्यामुळे नव्हे. फादर माइक अवघड उतारा टाळत नाहीत, म्हणून राहिले.

मग माझं चुकलं. एक गोड लागला म्हणून दुसरा घेतला, दुसऱ्यात पाहुणे आले त्यांचा तिसरा घेतला. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, लागेपर्यंत फोनवर चौदा कार्यक्रम झाले होते. भांडी घासताना ऐकायचे, केळीला पाणी सोडताना ऐकायचे, झोपताना ऐकायचे. चर्च पुन्हा उघडल्यावर आमच्या ओळखीच्या एका वयस्क धर्मगुरूंना मी हे मोठ्या आनंदाने सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, काल काय ऐकलंस? मला एक वाक्य आठवेना. त्यांनी पुढे काहीच म्हटलं नाही. घरी येऊन मी तेरा कार्यक्रम काढून टाकले.

म्हणून ताई, तुम्हाला माझं पहिलं सांगणं हेच, की एक धरा. वर्षभर एक. आणि संध्याकाळी आधी रोझरी, फोन नंतर.

आता ओळखायचं कसं. कार्यक्रमाच्या नावाखाली चार ओळींचं वर्णन असतं. त्यात बघा की तो काढतो कोण. धर्मप्रांत, येशूसंघीय, डॉमिनिकन, फ्रान्सिस्कन असा एखादा धर्मसंघ, एखादी जुनी कॅथलिक संस्था, असं काही स्पष्ट लिहिलेलं असलं की निम्मं काम झालं. नुसताच मोठा चेहरा आणि मोठी अक्षरं असतील, मागे कोण उभं आहे ते कुठेच नसेल, तर थांबा. दुसऱ्या पंथाचा आहे का हे कळायची एक खूण सांगते. आपल्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं आहेत, प्रॉटेस्टंट बांधवांच्या ६६. तोबित, जुदिथ, मक्काबी यांची नावं कार्यक्रमात कधी येतच नसतील तर तो बहुधा त्यांच्याकडचा. त्यात वाईट काही नाही, पण आपण कुठे बसलोय ते आपल्याला ठाऊक असावं.

आणि पहिला भाग ऐकून ठरवू नका. पहिला भाग सगळेच नटवून करतात. मधला कुठलातरी लावा, चाळिसावा, साठावा. तिथे बोलणाऱ्याने तयारी केली आहे की वेळ मारून नेली आहे ते दहा मिनिटांत कळतं.

इंग्रजी सुटतं म्हणता, त्यावर माझा रोजचा उपाय असा. त्या दिवसाचा अध्याय मी आधी मराठीत वाचते. माझ्याकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल आहे, पानं आता हळदीने आणि केळीच्या डागांनी पिवळी झाली आहेत. मराठीत गोष्ट मनात बसली की इंग्रजी आपोआप हळू वाटायला लागतं. शिवाय ॲपमध्ये वेग कमी करता येतो. १ च्या जागी ०.८ ठेवा. आवाज थोडा जड होतो, दोन दिवसांत सवय होते.

लेवीय आणि गणना ही पुस्तकं येतील तेव्हा पुष्कळ लोक सोडतात. बली, रक्त, चरबी, अशुद्धतेचे दिवस, महारोगाच्या खुणा, दिवसामागून दिवस तेच. मीही कंटाळले होते. पण त्याच दिवसांत मला माझ्या आजीची आठवण झाली. बाळंतिणीची खोली, तिथली शिवाशिव, चाळिसाव्या दिवशी तिला देवळात न्यायचं, हे सगळं आजी पाळायची आणि आम्ही तिला हसायचो. मुलगा झाला तर आईने चाळीस दिवसांनी अर्पण घेऊन जायचं हे लेवीयमध्ये आहे, मारिया बाळ येशूला घेऊन गेली तीही त्याच नियमाने. आजीची क्षमा मागायला आजी राहिली नाही. तेव्हा ती पुस्तकं गाळू नका. मधेच योहानाचं शुभवर्तमान येतं, तिथे दम खायला मिळतो.

बायबल आधीच वाचून झालं असेल तर त्याच फादरांचा 'कॅटेकिझम इन अ इयर' आहे, २०२३ पासूनचा. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाचे २८६५ परिच्छेद त्यात वर्षभरात होतात. तो मला जड गेला, वही घेऊन बसावं लागलं. आणि तुमची रोझरी पुन्हा रुळावर यावी म्हणून 'द रोझरी इन अ इयर' बघाच. २०२५ मध्ये सुरू झाला, फ्रान्सिस्कन फादर मार्क-मेरी एम्स सांगतात. एकदम पन्नास मणी नाहीत. आधी एक प्रार्थना घेतात, तिच्यावर काही दिवस थांबतात. लहानपणापासून घडाघडा म्हटलेला 'नमो मारिया' मी त्यांच्यामुळे साठी उलटल्यावर शब्द शब्द ऐकला.

अजून एक, वायर कानातून काढा. मी फोन रिकाम्या पितळी पातेल्यात उभा ठेवते, आवाज ओटीपर्यंत पोचतो. शेजारच्या दोघीजणी आता सहा वाजता येऊन बसतात. एकीला इंग्रजी येत नाही, तिला मी मधे थांबवून सांगते. तुमच्या पडवीतही कोणीतरी येईल. वेंगुर्ल्यात माणसं अजून एकमेकांच्या पडवीत बसतात, हे मला पक्कं ठाऊक आहे.

बाई, मी उत्तनचा. डोल जाळ्याच्या मच्छीमार बोटीवर असतो, चार-पाच दिवस दर्यात. नेटवर्क मिळत नाही. मोबाईलवर गाणी भरून नेतो, पण देवाचं काही ऐकावं वाटतं. माझं शिक्षण नववी, इंग्रजी येत नाही. मराठीत आपलं काही आहे का? आणि नेट नसताना चालेल का?

भाऊ, नेटचं आधी सांगते, ते सोपं आहे. किनाऱ्यावर असताना कार्यक्रम फोनमध्ये उतरवून घ्यायचा, मग दर्यात नेट लागत नाही. अँटेनापॉड नावाचं एक ॲप आहे. फुकट आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही. मुलाला सांगा, तो पाच मिनिटांत बसवून देईल. वीस मिनिटांचा एक भाग साधारण वीस एमबी घेतो, म्हणजे महिन्याभराचे तीस भाग ६०० एमबीत बसतात. तुमच्या गाण्यांपेक्षा जास्त नाही. आधी गूगल पॉडकास्ट वापरत असाल तर ते २०२४ मध्ये बंद झालं, ते शोधत बसू नका.

इंजिन चालू असताना ऐकायचं तर एकाच कानात घाला, दुसरा कान तांडेलाच्या हाकेला मोकळा ठेवा. खरी वेळ मला वाटतं तुम्ही डोल लावून पाणी पालटायची वाट बघता ती. इंजिन बंद, बोट नुसती डुलते. माझा मामा दर्यावर होता, तो म्हणायचा की त्या वेळी माणूस एकतर घरच्यांचा विचार करतो नाहीतर देवाचा.

आता मराठीचं. याचं उत्तर लिहिताना मला वाईट वाटतं. मराठीत चर्चची गाणी, मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, प्रवचनं यूट्यूबवर पुष्कळ आहेत. पण रोज एक पाऊल, एका आवाजात, वर्षभर हात धरून नेणारं असं काही इंग्रजीसारखं आपल्या हाताशी नाही. तुमच्यासाठी मी दोन गोष्टी काढून ठेवल्या आहेत. एक, मराठी नवा करार पूर्ण वाचलेला ऐकायला मिळतो, बायबल डॉट आयएस या ॲपवर, आणि तो फोनमध्ये उतरवता येतो. ते भाषांतर आपल्या चर्चमधलं नाही, शब्द कुठे कुठे वेगळे लागतील, पण नव्या करारातली २७ पुस्तकं त्यांची आणि आपली तीच. मार्कापासून सुरू करा. ते सगळ्यांत लहान शुभवर्तमान आहे, आणि त्यात होड्या, जाळी, वादळ तुमच्या ओळखीचं आहे. दुसरं, व्हॅटिकन रेडिओचा हिंदी विभाग आहे. हा रेडिओ जुना, १२ फेब्रुवारी १९३१ ला पोप अकरावे पायस यांनी सुरू केला, यंत्रणा खुद्द मार्कोनीने उभी करून दिली. परमगुरुस्वामी, म्हणजे पोप, काय बोलले ते मधल्या कोणाच्या मीठमसाल्याशिवाय तिथे मिळतं.

पण भाऊ, एवढ्यावर मला थांबवत नाही. आपल्या या किनाऱ्याला विश्वास कानातूनच मिळालाय. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडचे, १५७९ मध्ये गोव्याला आले, आपली भाषा शिकले आणि ख्रिस्ताची सगळी कथा मराठी ओव्यांत रचली. ते ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापलं गेलं. वाचता येणारे तेव्हा किती असणार? रविवारी देवळात ते म्हटलं जायचं आणि लोक ऐकायचे. परक्या मुलखातला माणूस चारशे वर्षांपूर्वी आपल्या भाषेत ऐकवून गेला, आणि आज प्रत्येकाच्या खिशात आवाज भरून ठेवायचं यंत्र असताना उत्तनच्या माणसाने मराठीत काय आहे म्हणून विचारावं, हे आपल्या शिकलेल्यांच्या पदरात पडतं. माझ्याही.

म्हणून मी गेल्या ऑक्टोबरपासून एक करते. शनिवारी रात्री, कोंबडे-कुत्री निजल्यावर, गोधडी डोक्यावर घेऊन रविवारचं शुभवर्तमान फोनवर वाचते. गोधडीने घुमत नाही, आवाज जवळचा येतो. चार मिनिटं लागतात. मग दोन मिनिटं मला जे वाटलं ते बोलते. जास्त नाही, मी धर्मगुरू नाही. हे सहा घरी व्हॉट्सॲपवर जातं. तुमच्या घरी कोण चांगलं वाचतं? मुलगी असेल, बायको असेल. तिला सांगा, बोट सुटायच्या आदल्या रात्री पाच दिवसांचं शुभवर्तमान वाचून तुमच्या फोनमध्ये भरून दे. दर्यात घरचा आवाज देवाचं वचन वाचतोय, यापेक्षा चांगला कार्यक्रम मी तुम्हाला शोधून देऊ शकत नाही.

बाई, मी २४ वर्षांचा, रोज वसई ते चर्चगेट. ऑफिसातले मित्र धर्माबद्दल प्रश्न विचारायचे, उत्तरं देता येईनात म्हणून पॉडकास्ट ऐकू लागलो. सुरुवातीला खूप शिकलो. मग फोन पुढचे पुढचे सुचवत गेला. आता जे ऐकतो त्यात पोप चुकतात, साठच्या दशकातल्या बिशपांच्या व्हॅटिकन परिषदेने चर्चचं नुकसान केलं, देशी भाषेतली मिस्सा कमी प्रतीची, असं असतं. मला पटतंही. परवा यावरून पप्पांशी भांडलो, ते चर्चच्या गायनमंडळात आहेत. आई रडली. मी चुकतोय का?

बाळा, तू शिकायला निघालास त्यात काही चुकलं नाही. मित्रांना उत्तर देता यावं ही इच्छा चांगलीच आहे. पण आई रडली ते तू लिहिलंस, म्हणजे तुझं उत्तर तुला अर्धं मिळालेलं आहे.

संत इग्नेशियस लोयोला १५२१ मध्ये पांपलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने जायबंदी झाले. घरी खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी शूरांच्या कथा मागितल्या, त्या घरात नव्हत्या. मिळाली ती ख्रिस्ताच्या आणि संतांच्या चरित्रांची पुस्तकं. पडल्या पडल्या ते कधी लढाया आणि दरबारातल्या स्त्रिया मनात आणायचे, कधी संतांसारखं जगण्याचं. दोन्ही वेळी मन रमायचं. फरक नंतर कळायचा. पहिल्यानंतर मन कोरडं आणि उदास व्हायचं, दुसऱ्यानंतर आनंद टिकून राहायचा. येशूसंघाची सगळी विवेकाची शिकवण या एका निरीक्षणातून निघाली.

तू तेच कर. आठवडाभर, ऐकून झाल्यावर लगेच नाही, स्टेशनवरून घरी चालत येताना बघ. मनात काय उरलंय? प्रार्थना करावीशी वाटते का? पप्पांना जाऊन काही सांगावंसं वाटतं की त्यांना हरवावंसं वाटतं? राग उरत असेल तर तो कार्यक्रम कितीही विद्वान असो, तुझ्यासाठी नाही.

आणि एक फसगत लक्षात घे. त्यातले पुष्कळ कार्यक्रम अमेरिकेतले आहेत. तिथल्या निवडणुका, तिथल्या बिशपांचे तिथल्या सरकारशी वाद, त्या मुलखाची भांडणं धर्माच्या नावाने आत येतात. ती आपली नव्हेत. तुझ्या पप्पांचं गायनमंडळ ज्या मिस्सेत गातं ती मराठीत आहे, कारण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ ला उपासनेवरचा दस्तऐवज मंजूर केला आणि लोकभाषेला दार उघडलं. माझी आजी लॅटिन मिस्सेत बसायची, त्या वेळी पूर्ण वेळ जपमाळ ओढायची, कारण वेदीवर काय चाललंय ते तिला कळत नसे. तिची भक्ती खरी होती, मी तिच्यावर बोट ठेवत नाही. पण म्हातारपणी पहिल्यांदा शुभवर्तमान मराठीत ऐकलं तेव्हा ती घरी येऊन आईला म्हणाली, आज देव आपल्या भाषेत बोलला. हे मी स्वतः ऐकलंय. कोणी परदेशातून मला सांगू लागला की ती मिस्सा कमी प्रतीची, तर मी फोन बंद करते.

मग ऐकायचं काय? तुझ्या मित्रांच्या प्रश्नांसाठी 'कॅथलिक आन्सर्स' घे. कार्ल कीटिंग यांनी १९७९ मध्ये सुरू केलेली सॅन दिएगोची संस्था आहे. लोक फोन करून प्रश्न विचारतात, हे उत्तर देतात. परके लोक, नास्तिक लोकही विचारतात आणि त्यांचा अपमान होत नाही, हे ऐकण्यासारखं आहे. बिशप रॉबर्ट बॅरन यांचा 'वर्ड ऑन फायर' तत्त्वज्ञान आणि साहित्याकडून येतो. मला त्यांचं धर्मशिक्षण आवडतं, तिथल्या राजकारणाचा विषय निघाला की मी तो भाग सोडते. 'गॉडस्प्लेनिंग' तरुण डॉमिनिकन फादरांचा आहे, त्यात ते एकमेकांशी गप्पा मारतात. जुना धर्मचिंतक संत थॉमस अक्विनासही येतो आणि मैत्री कशी टिकवावी हेही येतं. तुझ्या वयाला मी हा पहिला देईन. वॉशिंग्टनच्या डॉमिनिकन मठाच्या थॉमिस्टिक इन्स्टिट्यूटची व्याख्यानं खोल आहेत, ती विरार लोकलच्या गर्दीत नको, रविवारी दुपारी ऐक. यातला एक घे. एकच. आणि फोन आपोआप पुढचा लावतो ते सेटिंग आज बंद कर. काय ऐकायचं ते तू ठरव, फोनला ठरवू देऊ नको.

गाडीत उभ्याने ऐकायला मात्र 'प्रे ॲज यू गो' लाव. ब्रिटनच्या येशूसंघीयांनी २००६ मध्ये नेमका कामावर जाणाऱ्या माणसांसाठीच सुरू केला. दहा-बारा मिनिटं, थोडं संगीत, त्या दिवसाच्या वाचनातला एक उतारा, मग दोन-तीन प्रश्न आणि प्रश्नांच्या मधे शांतता. वसई ते मीरा रोडच्या आत होतो. खाडीचा पूल येतो तेव्हा बहुधा शांतता असते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२२ च्या संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशाचा विषयच ऐकणे हा घेतला होता, हृदयाच्या कानाने ऐकणे. पॉडकास्टचा उल्लेखही त्यात आहे, चांगल्या अर्थाने. तो संदेश तू वाच. आणि पप्पांना विचार की गायनमंडळात ते किती वर्षं आहेत आणि पहिलं गाणं कोणतं गायले होते. तुझ्या फोनमध्ये ध्वनिमुद्रणाची सोय आहेच. ते बोलतील तेवढं भरून ठेव.

आमची आजी ९१ वर्षांची, खाटेवर आहे. रविवारची मिस्सा आम्ही तिच्यासोबत घरीच फोनवर ऐकतो. तेवढं पुरे ना? (कोर्लई)

आजीला पुरे. आजारी माणसाला रविवारचं बंधन नाही, आणि तिच्या कानावर मिस्सा पडते हे फार चांगलं. तुम्ही धडधाकट आहात, तुम्हाला चर्चमध्ये जायला हवं, फोनवरची मिस्सा तुमची मोजली जात नाही. आळीपाळीने जा, एकजण आजीजवळ थांबा. आणि फादरांना आजच सांगा, ते किंवा ख्रिस्तप्रसाद वाटायची परवानगी असलेलं कोणी घरी येऊन आजीला ख्रिस्तप्रसाद देतील. ती वाट बघत असेल, मागत नसेल.

मी रत्नागिरीला परिचारिका आहे, रात्रपाळी असते. सकाळी घरी येऊन रोझरीचा पॉडकास्ट लावते आणि दुसऱ्या रहस्यातच, म्हणजे पाचातल्या दुसऱ्या टप्प्यातच, झोप लागते. अपराधी वाटतं. लावू की नको?

लावा. बालयेशूची संत तेरेझा कॉन्व्हेंटमध्ये प्रार्थनेच्या वेळी झोपून जायची, वर्षानुवर्षं. तिने स्वतःच लिहून ठेवलंय की त्याचं तिला दुःख वाटत नाही, कारण लेकरू जागं असो की निजलेलं, आईबापांना सारखंच आवडतं. ख्रिस्तसभेने तिला पुढे धर्मपंडित म्हटलं. तुम्ही रात्रभर लोकांच्या उशाशी जाग्या होतात.

फक्त फोन रात्रपाळीत लागतो, त्याची बॅटरी संपू देऊ नका. ॲपमध्ये चंद्राचं किंवा घड्याळाचं चित्र असतं, तो स्लीप टायमर. पंधरा मिनिटांवर ठेवा, तो आपणहून बंद होईल.